एकही गोल न खाता घरी

२६ जून २००६ची संध्याकाळ. फुटबॉल विश्वचषकात, कोलोनमध्ये, स्वित्झर्लंड आणि युक्रेन १२० मिनिटं खेळले आणि कुणालाच गोल करता आला नाही. त्या विश्वचषकातल्या सर्वांत रटाळ सामन्यांत त्याची गणना होते, आणि ती रास्तच आहे. शूटआउट सुरू झालं. युक्रेनची पहिली पेनल्टी शेव्चेन्कोची. ती स्विस गोलरक्षक झुबरब्यूलरने अडवली. एवढं आयतं हातात आल्यावर स्विस खेळाडूंनी एकामागून एक तीन पेनल्टी वाया घालवल्या. युक्रेन ३-० असा पुढे गेला. झुबरब्यूलर चार सामने आणि ३९० मिनिटं खेळून, चालत्या सामन्यात एकही गोल न खाता घरी परतला. विश्वचषकातून असं बाहेर पडण्याची वेळ तोवर कुठल्याही संघावर आली नव्हती. आणि ज्या युक्रेनने त्यांना घालवलं, त्याने स्पर्धेतल्या आपल्या पहिल्याच सामन्यात स्पेनकडून चार गोल खाल्ले होते.

हे टोचत राहतं. शूटआउटला तीन-चार मिनिटं उरली असताना प्रशिक्षक कुन यांनी अलेक्झांडर फ्रायला बाहेर बोलावलं, म्हणजे संघाच्या हुकमी गोल करणाऱ्यालाच. त्या बदलाची नाना कारणं दिली जातात, पण तो मुद्दा किरकोळ. मुद्दा असा की बचाव म्हणून जे जे करता येतं ते सगळं करून झालं होतं. फ्रान्सला शून्यावर रोखलं, टोगोला रोखलं, दक्षिण कोरियाला रोखलं, युक्रेनला रोखलं. आणखी काय रोखायचं होतं?

चारच दिवसांनी तोच युक्रेन हॅम्बुर्गमध्ये इटलीसमोर आला आणि ०-३ हरला. इटलीने तो विश्वचषक जिंकला, सात सामन्यांत दोन गोल खाऊन. एक अमेरिकेविरुद्ध, झाकार्डोने आपल्याच जाळ्यात मारलेला. दुसरी अंतिम सामन्यातली झिदानची पेनल्टी. म्हणजे चालत्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या पायातून किंवा डोक्यातून इटलीवर एकही गोल झाला नाही. खाल्लेल्या गोलांच्या रकान्यात इटली आणि स्वित्झर्लंड शेजारी-शेजारी बसतात. शेजारचा रकाना वाचला की अंतर कळतं. स्विस संघाचे चार सामन्यांत चार गोल, आणि तेही टोगो व कोरियाविरुद्ध. इटलीचे बारा, ते दहा वेगवेगळ्या खेळाडूंनी केलेले. त्यात डावा बचावपटू ग्रोसो, उजवा झांब्रोत्ता आणि मधला बचावपटू, म्हणजे स्टॉपर, माटेराझीही आहे.

डॉर्टमुंडचा उपांत्य सामना त्यासाठी पुन्हा पाहावा. जर्मनीविरुद्ध जादा वेळेत इटलीचा प्रशिक्षक लिप्पीने बचाव भक्कम करण्याऐवजी आघाडीवीर वाढवले. शेवटी टोट्टी, जिलार्दिनो, इयाक्विंता आणि देल पिएरो असे चौघं एकाच वेळी मैदानात होते. ११९व्या मिनिटाला ग्रोसोचा गोल झाला. जर्मनी सगळं पणाला लावून पुढे आला. बॉक्समध्ये पडलेला चेंडू कान्नावारोने डोक्याने बाहेर काढला, आणि मग तिथेच न थांबता तो स्वतः त्याच चेंडूवर धावून गेला आणि दुसऱ्यांदा तो हिसकावला. तिथून टोट्टी, टोट्टीकडून जिलार्दिनो, त्याने न बघता दिलेला पास आणि देल पिएरोचा लांबच्या कोपऱ्यात वळवलेला फटका. विजेतेपदाच्या बचावाबद्दल जे काही सांगायचंय ते या एका हालचालीत आहे. बहुतेक स्टॉपर पहिल्या हेडरनंतर श्वास घेतात. प्रेक्षकही घेतात.

आधी बचाव म्हणजे नेमकं काय, ते पाहू. कारण 'भक्कम बचाव' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर घसरून टॅकल करणारा, कपाळाला पट्टी बांधलेला धिप्पाड स्टॉपर येतो. प्रत्यक्षात बचाव हा अंतरांचा हिशोब आहे. मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. चेंडू समोरच्याकडे असताना चांगला संघ यातला फार थोडा तुकडा राखतो: शेवटच्या बचावपटूपासून पहिल्या आघाडीवीरापर्यंत २५ ते ३० मीटर, आणि रुंदीत साधारण ३५ ते ४० मीटर. उरलेलं मैदान जाणूनबुजून सोडून द्यायचं. चेंडू डाव्या बाजूला असेल तर उजवी कड मोकळीच ठेवायची, कारण तिथवर उंच चेंडू पोचायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात सगळी फळी सरकू शकते. बचावपटूंची फळी आणि मधली फळी यांच्यात दहा-बारा मीटर. शेजारच्या दोन बचावपटूंमध्ये आठ-दहा. ही अंतरं बसली की समोरच्याला चेंडू कितीही मिळू दे, त्याला तो आडवाच फिरवावा लागतो.

आता ही फळी हलते कशी? कडेला चेंडू गेला की त्या बाजूचा बचावपटू, म्हणजे बॅक, बाहेर जाऊन अडवतो, पाय न घालता, आतली वाट बंद करून. जवळचा स्टॉपर त्याच्या तिरक्या मागे येतो, म्हणजे बॅक चुकला तर दुसरा हजर. दुसरा स्टॉपर जवळच्या खांबाच्या रेषेकडे, आणि पलीकडचा बॅक पार आत, जवळजवळ मैदानाच्या मध्यावर. चौघं एकाच दोरीला बांधल्यासारखे. चेंडू मागे दिला गेला की फळी तीन ते पाच मीटर वर येते. आणि पुढे-मागे जाण्याचा निर्णय एकाच गोष्टीवर होतो: चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर दबाव आहे का? दबाव असेल, त्याची मान खाली असेल, तर वर या. तो मोकळा असेल, मान वर करून बघत असेल, तर लगेच मागे सरका, कारण आता तो मागच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकणार. चौघांपैकी तिघं वर आले आणि एक अर्ध्या सेकंदाने उशिरा आला, की ऑफसाइडची सगळी रेषा त्या एकामुळे वाया जाते. प्रक्षेपणात हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. ऐकू मात्र येतं. रिकाम्या मैदानावर झालेले सामने आठवून बघा. गोलरक्षक नव्वद मिनिटं ओरडत असतो. वर, डावीकडे, धर, सोड, मागे माणूस. आवाज घोगरा होईपर्यंत.

याच विषयात प्रशिक्षक आरिगो साक्कीचा एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. मिलानमध्ये गुलिट आणि व्हॅन बास्टन त्याला विचारत, एवढी रचना-रचना कशाला? साक्कीने पैज लावली. एका बाजूला गोलरक्षक आणि चार बचावपटू: बारेसी, कोस्टाकुर्ता, तासोत्ती, माल्दिनी. दुसऱ्या बाजूला दहा जण, हवे तसे खेळा, पंधरा मिनिटं. दहा जणांना गोल करता आला नाही. रचनेपुढे प्रतिभा कशी हतबल ठरते, याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगतात. पण त्या पैजेत एक अट होती, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. चेंडू गमावला की दहा जणांनी पुन्हा आपल्या अर्ध्यात दहा मीटर मागून सुरुवात करायची. म्हणजे बचाव करणाऱ्या पाचांना चेंडू मिळाल्यावर त्याचं काही करावंच लागत नव्हतं. नुसता मिळवला, काम संपलं. दम घ्यायलाही वेळ मिळाला. खऱ्या सामन्यात ती अट नसते. तिथे मारून काढलेला चेंडू पाच सेकंदांत परत येतो.

परत येणारा चेंडू. अख्खा संघ खचतो तो त्यानेच.

आघाडी टिकवायला निघालेला संघ साधारण सत्तराव्या मिनिटानंतर कसा मोडतो, त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी दोन्ही आघाडीवीर थकतात आणि समोरच्या स्टॉपरवर धाव घेणं थांबवतात. त्यामुळे तो स्टॉपर मान वर करून पास द्यायला मोकळा. मोकळा माणूस दिसला की फळी मागे सरकते, नियमच तो. फळी मागे गेली की मधल्यांनीही मागे यायला हवं, पण त्यातला एखादा चिडून किंवा उत्साहात पुढे चेंडूवर झेप घेतो आणि त्याच्या मागे पंधरा-वीस मीटरचा खड्डा पडतो. समोरचा संघ तिथे वळतो. मग सगळे बॉक्सच्या आत कोंडले जातात, आणि आता चेंडू मारून बाहेर काढला तरी तो घ्यायला पुढे आपलं कुणीच नसतं, कारण आघाडीवीरसुद्धा मदतीला मागे आलेला असतो. चेंडू हाफलाइनवर समोरच्याच पायात. पुन्हा क्रॉस, पुन्हा हेडर, पुन्हा कॉर्नर. या टप्प्याला प्रशिक्षक हमखास एक बदल करतो: एक मिडफिल्डर काढून पाचवा बचावपटू आणतो. बॉक्समध्ये गर्दी वाढते, पण बॉक्सच्या उंबरठ्यावरचा नेमबाज मोकळा होतो, आणि गर्दीमुळे गोलरक्षकाला चेंडू उशिरा दिसतो. हा बदल कधी साधतो, नाही असं नाही. पण ऐंशीव्या मिनिटाला पाचवा बचावपटू रेषेजवळ उभा दिसला, की मी तरी समोरच्या संघाच्या गोलची वाट बघतो.

गोलरेषेपाशी जाऊन मागे ओढलेला पास, अर्थात कटबॅक, हा त्या कोंडीतला सर्वांत घातक प्रकार. बचावपटू आपल्याच गोलकडे तोंड करून धावत असतात, त्यांना उलट दिशेने येणारा माणूस दिसतच नाही, आणि तो माणूस पेनल्टीच्या ठिपक्याजवळ एकटा असतो. त्याला पकडायचं काम मिडफिल्डरचं, आणि तोच तर दमलेला आहे.

२४ मे २०१४, लिस्बन. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर रिआल माद्रिद. अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे ३६व्या मिनिटापासून गोदिनच्या हेडरची आघाडी होती. दिएगो कोस्टा जायबंदी अवस्थेत उतरला आणि नवव्या मिनिटालाच बाहेर गेला; म्हणजे मारून काढलेला चेंडू छातीवर घेऊन उभा राहणारा माणूसच नाही, आणि एक बदलही खर्च झालेला. संघ हळूहळू मागे मागे गेला. जादाच्या तिसऱ्या मिनिटाला मोद्रिचचा कॉर्नर आणि रामोसचं डोकं. पुढच्या अर्ध्या तासात, तिन्ही बदल संपलेले, पायात गोळे आलेले, आणखी तीन गोल खाल्ले. अंतिम निकाल १-४. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटेल की बचाव फुसका होता. त्याच संघाने काही दिवसांपूर्वी बार्सिलोना आणि रिआलला मागे टाकून स्पेनची लीग जिंकली होती, ३८ सामन्यांत २६ गोल खाऊन. पण तेव्हाही ७७ गोल केले होते, हे कुणी सांगत नाही.

इतकं सगळं असूनही बचावावर उभा राहिलेला संघ जिंकला की लोकांच्या मनात एक अढी बसते, आणि ती खोटी आहे असं मला म्हणता येत नाही. २००४च्या युरोमधला ग्रीस घ्या. प्रशिक्षक ओट्टो रेहागेलचा संघ उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सला १-०, मग चेक संघाला १-०, मग यजमान पोर्तुगालला १-० हरवून विजेता झाला. त्या स्पर्धेतला चेक संघ पाहिलेल्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल ते समजण्यासारखं आहे. नेदवेद गुडघा धरून बाहेर गेला आणि सामन्यातला जीवच गेला. एका देशाला आयुष्यभराचा आनंद मिळाला आणि उरलेल्या खंडाला जांभया आल्या. दोन्ही खरं.

पण ग्रीसची गोष्ट 'नुसत्या बचावा'ची म्हणून सांगतात, तिथे मी अडतो. साखळीत त्यांनी तीन सामन्यांत चार गोल खाल्ले, रशियाकडून हरले. स्पेन आणि ग्रीस दोघांचे गुण चार, आपसातला सामना १-१, गोलफरकही दोघांचा शून्य. मग ग्रीस पुढे गेला कशावर? केलेल्या गोलांवर. त्यांचे चार, स्पेनचे दोन. स्पेनने खाल्ले होते अवघे दोन, म्हणजे बचाव स्पेनचा सरस होता आणि घरी स्पेन गेला. रशियाविरुद्ध व्रिझासने मारलेला गोल, ज्याने हरलेल्या सामन्याचा निकाल फक्त १-२ केला, तो त्या विजेतेपदातला सर्वांत मोलाचा गोल असावा.

बाद फेरीतले तिन्ही गोल हेडर होते, त्यातले दोन कॉर्नरवर. त्याला नशीब म्हणणारे कॉर्नरकडे नीट बघत नाहीत. कॉर्नरवर चेंडू थांबलेला असतो, वेळ आपल्या हातात असतो आणि चालत्या खेळात कधीच पुढे न येणारे दोन उंच स्टॉपर हक्काने समोरच्या बॉक्समध्ये जाऊ शकतात. बचावात्मक संघाला फुकटात मिळणारा हा एकमेव हल्ला आहे. त्यासाठी रचना मोडावी लागत नाही. तो बसवावा मात्र लागतो. चेंडू कुठे पडणार ते मारणाऱ्याच्या आधी धावणाऱ्याला ठाऊक हवं; एकाने समोरच्या सर्वोत्तम हेडर मारणाऱ्याची वाट अडवायची, एकाने गोलरक्षकासमोर उभं राहायचं, आणि ज्याने मारायचा त्याने उशिरा, लांबून, वेग घेऊन यायचं. दोघं हाफलाइनपाशी मागे थांबलेच पाहिजेत, कारण फसलेला कॉर्नर म्हणजे समोरच्याचा सर्वांत चांगला प्रतिहल्ला. चेकविरुद्ध देलासने जवळच्या खांबाशी डोकं लावलं ते जादा वेळेचा पूर्वार्ध संपता संपता. तेव्हा सिल्व्हर गोलचा नियम होता, म्हणजे जादा वेळेच्या पूर्वार्धाअखेर जो पुढे तो जिंकला; सामना तिथेच संपला. अंतिम सामन्यात ५७व्या मिनिटाला बासिनासचा कॉर्नर, खरिस्तेअसचा हेडर. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मिडफिल्डर झागोराकिस, जो चेंडू हिसकावून लगेच पुढे चालायला लागायचा.

बाद फेरीच्या स्पर्धेत निदान हे जमून जातं, कारण तिथे चार-पाच रात्री निभावल्या की झालं. पॅराग्वेने २०११च्या कोपा अमेरिकात त्याचं टोक गाठलं: एकही सामना न जिंकता अंतिम फेरी. साखळीत तीन बरोबऱ्या, मग ब्राझील आणि व्हेनेझुएलाविरुद्ध ०-० आणि शूटआउट. अंतिम सामन्यात उरुग्वेने पहिला गोल लवकर केला आणि संपलं, ०-३. मागे पडल्यावर काय करायचं याचं उत्तर त्या संघाकडे नव्हतंच. मोरोक्कोचं २०२२मध्ये वेगळं झालं. उपांत्य फेरीपर्यंत त्यांनी एकच गोल खाल्ला, कॅनडाविरुद्ध, तोही आपल्याच अगेर्दचा. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल कुणालाच त्यांच्यावर गोल करता आला नाही, आणि चेंडू मिळाल्यावर हकिमी, ओनाही, बूफाल तो घेऊन चाळीस मीटर पळायचे. हा मी वर म्हणतो तो पुरा बचाव. मग फ्रान्सविरुद्ध अगेर्द सराव करतानाच बाहेर पडला, पाचव्या मिनिटाला थिओ हर्नांडेझचा गोल झाला, आणि एकविसाव्या मिनिटाला कर्णधार साईसही दुखापतीने गेला. अंतरांचा हिशोब ज्यांच्या अंगात मुरला आहे अशी माणसं बदलता येत नाहीत. आघाडीवीर नवा आला तर एखादी चमक दाखवतो. नवा स्टॉपर आला की बाकीचे तिघं क्षणभर त्याच्याकडे बघतात. तेवढं पुरतं.

लीगचं गणित निराळं. ३८ सामने ०-० सोडवा, ३८ गुण मिळतात. म्हणजे खालच्या गाळात, पदावनतीच्या कडेवर. निम्मे जिंका आणि निम्मे हरा, ५७. जुन्या पद्धतीत, विजयाला दोनच गुण असताना, हे दोन्ही संघ ३८ गुणांवर बरोबरीत असते. तरीही तेव्हासुद्धा नुसतं न हरणं पुरत नसे: १९७८-७९च्या इटालियन लीगमध्ये पेरुजा तीसच्या तीस सामने अपराजित राहिला आणि १९ बरोबऱ्यांमुळे मिलानच्या मागे दुसरा आला. उलट बाजूला मिलानच १९९३-९४मध्ये ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल करून विजेता ठरला, कारण खाल्ले १५. मग अथेन्समध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बारेसी आणि कोस्टाकुर्ता दोघेही निलंबित असताना त्याच संघाने बार्सिलोनाला ४-० उडवलं. यातून काय निष्कर्ष काढायचा तो ज्याने त्याने काढावा. माझ्या मांडणीत तो सामना बसत नाही आणि मला तो फार आवडतो.

बचावाच्या मर्यादेचा सर्वांत नेमका हिशोब १९९८-९९च्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये आहे. आर्सेनलने ३८ सामन्यांत १७ गोल खाल्ले. सीमन, डिक्सन, अ‍ॅडम्स, किऑन, विंटरबर्न. मँचेस्टर युनायटेडने ३७ खाल्ले, वीस जास्त. दोघांचे विजय सारखेच, २२. युनायटेड ७९ गुणांनी विजेता, आर्सेनल ७८वर दुसरा. शेवटून दुसऱ्या सामन्यात लीड्समध्ये अखेरच्या मिनिटांत हॅसलबेंकचा गोल झाला आणि आर्सेनल ०-१ हरला, म्हणून ट्रॉफी गेली असं म्हणतात. तो गोल खोडून बघू. ०-० झालं असतं तर आर्सेनलही ७९. खाल्लेले गोल १६, केलेले ५९, फरक ४३. युनायटेडचे केलेले ८०, खाल्लेले ३७, फरक ४३. गुण सारखे, गोलफरक सारखा. मग केलेल्या गोलांवर निकाल, आणि विजेता पुन्हा युनायटेडच. त्या रात्री शून्यावर रोखूनही भागलं नसतं. आर्सेनलला कुठेतरी एक गोल जास्त करायलाच हवा होता.

सहा वर्षांनी मोरिन्योच्या चेल्सीने १५ गोल खाऊन ९५ गुण मिळवले, आणि तेव्हापासून तो संघ बचावाचा आदर्श म्हणून दाखवला जातो. त्याचे ७२ गोल होते. मागे टेरी, कार्व्हालो आणि गोलरक्षक पेत्र चेक, त्यांच्यापुढे माकेलेले. पण चेंडू सुटला की एका कडेने रॉबेन, दुसरीकडून डफ, आणि पुढे द्रोग्बा, ज्याच्या अंगावर मारलेला लांब चेंडू परत येत नसे. समोरच्याचे पाच-सहा जण चेंडूच्या पुढे अडकलेले असतात ते पहिले सहा-सात सेकंद त्या संघाने कधी फुकट घालवले नाहीत. २०१०च्या स्पेनने हेच काम चेंडू न सोडता केलं: बाद फेरीत चारही सामने १-०, स्पर्धेत आठ गोल केले आणि दोन खाल्ले. त्याला कुणी बचावात्मक म्हणत नाही, पण चेंडू आपल्याकडे असताना समोरचा गोल करू शकत नाही, हाही बचावच. अंतिम सामन्यात तरीही नेदरलँड्सचा रॉबेन एकटा गोलरक्षक कासियासपर्यंत पोचलाच, आणि कासियासच्या पायाला चेंडू लागला नसता तर आज या परिच्छेदात वेगळा देश असता.

म्हणून सामना बघताना, विशेषतः आपला संघ १-० पुढे असताना, खाल्लेल्या गोलांपेक्षा एक साधी मोजणी जास्त सांगते. बॉक्समधून मारून काढलेला चेंडू कुणाकडे पडतो, आणि किती सेकंदांत परत येतो. आपला आघाडीवीर हाफलाइनच्या पुढे, समोरच्या स्टॉपरच्या खांद्याला चिकटून उभा असेल, तर समोरच्याला दोन माणसं मागे ठेवावी लागतात. तेवढीच दोन माणसं आपल्या बॉक्सबाहेर कमी. तो मदतीला मागे आला की भाबडे प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्याने यायला नको असतं. आणि दहा सेकंदांच्या आत चेंडू सलग तीन-चार वेळा परत आला, तर बचावपटू कितीही धडाधड हेडर मारत असोत, गोलरक्षक कितीही झेपावत असो, पुढचा गोल कुणाचा याबद्दल फारशी शंका उरत नाही.

राहता राहिला अ‍ॅटलेटिको, ज्याच्याकडे 'नुसता बचाव पुरतो का' या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. २०१५-१६मध्ये प्रशिक्षक सिमिओनेच्या संघाने स्पॅनिश लीगच्या ३८ सामन्यांत १८ गोल खाल्ले आणि ६३ केले. गोलमध्ये ओब्लाक, पुढे गोदिन. गुण ८८. बार्सिलोनाचे ९१, रिआलचे ९०, अ‍ॅटलेटिको तिसरा. पाच वर्षांनी, २०२०-२१मध्ये, २५ गोल खाल्ले, ६७ केले आणि गुण ८६, म्हणजे दोन कमीच. या वेळी रिआल ८४वर थांबला आणि बार्सिलोना ७९वर, आणि लीग अ‍ॅटलेटिकोची. शेवटून दुसऱ्या सामन्यात ओसासुनाने ७५व्या मिनिटाला आघाडी घेतली होती. लोदीने बरोबरी केली आणि ८८व्या मिनिटाला सुआरेझने जिंकून दिलं. शेवटच्या दिवशी वायादोलिदविरुद्ध पुन्हा पहिला गोल यांनीच खाल्ला, अठराव्या मिनिटाला, तोही आपल्या कॉर्नरनंतर उलटलेल्या प्रतिहल्ल्यावर. विश्रांतीनंतर आंखेल कोरेआचा गोल, मग ६७व्या मिनिटाला सुआरेझचा. ज्या संघाची अख्खी ओळख पहिला गोल न खाण्यावर उभी होती, त्याने लीग जिंकली ती दोन्ही अखेरच्या सामन्यांत पहिला गोल खाऊन.